रोहिणीविस्फार : एक मूक व्याधी

१९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा हृदयापासून निघणाऱ्या महारोहिणीवर मोठा फुगवटा आढळला. निसेन यांनी त्यावर सेलोफेनचे वेष्टण घातले. त्याच्या क्षोभाने भोवती तंतुमय ऊतक वाढून दुर्बळ भिंतीला आधार मिळावा, हा हेतू होता.

रोहिणीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी होऊन कायमची फुगते, यालाच रोहिणीविस्फार अथवा अ‍ॅन्युरिझम म्हणतात. सायकलच्या झिजलेल्या ट्यूबला हवा भरताना फुगा यावा, तसाच हा प्रकार. वाहिनी जितकी रुंदावते, तितका भिंतीवरील ताण वाढतो. म्हणून फुगवटा आपणच वाढत जातो.

सर्व बाजूंनी फुगलेला विस्फार चातीच्या आकाराचा, तर एकाच बाजूचा थैलीसारखा असतो. पहिला बहुधा पोटातील महारोहिणीत, दुसरा मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांना फाटे फुटतात तेथे आढळतो. भिंतीला छिद्र पडून बाहेर आलेले रक्त भोवतालच्या ऊतकांत कोंडले, तर तो आभासी विस्फार होय.

धूम्रपान, उच्च रक्तदाब, वार्धक्य, रोहिणीकाठिण्य व आनुवंशिकता ही याची प्रमुख कारणे. क्वचित जंतुसंसर्ग व आघातही.

विस्फार बहुधा वर्षानुवर्षे मूक राहतो. कधी पोटात ठोके देणारी गाठ हाताला लागते. तो फुटला म्हणजे पोटात वा पाठीत अकस्मात तीव्र वेदना होते, घाम सुटतो, शुद्ध हरपते. मेंदूतील विस्फार फुटल्यास पूर्वी कधी न अनुभवलेली डोकेदुखी क्षणार्धात उसळते व मान ताठरते. अशा वेळी घरगुती उपचारांत एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

१९५१ मध्ये पॅरिस येथे शार्ल द्युबो यांनी पोटातील विस्फार कापून तेथे दुसऱ्या रोहिणीचा तुकडा जोडला. १९५५ च्या एप्रिलमध्ये आइन्स्टाइन यांचा विस्फार फुटला, तेव्हा हा मार्ग खुला झाला होता. परंतु त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली व १८ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९९० मध्ये ब्वेनोस आयरिस येथे हुआन पारोदी यांनी जांघेतील रोहिणीतून कृत्रिम नळी आत बसविली.

पोटातील महारोहिणीची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर असते. ३ सेंटिमीटर झाली की विस्फार समजतात, आणि पुरुषांत ती ५.५ सेंटिमीटरवर गेल्यास सामान्यतः शस्त्रक्रियेचा विचार होतो. हे माप सोनोग्राफीने काही मिनिटांत, वेदनेविना कळते. पासष्टी गाठलेल्या व पूर्वी कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांनी, तसेच ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा विकार झाला असेल त्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याने ही तपासणी करून घ्यावी. धूम्रपान सोडणे व रक्तदाब आटोक्यात ठेवणे मात्र कोणत्याही वयात हिताचेच आहे.