उलटा वर्ग आणि घरातली मुलगी

(रेणापूर येथे महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या प्रशिक्षणात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मी प्राध्यापक नाही, संघटनेची कार्यकर्ती आहे. तुम्ही बोलावलंत तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारला, फ्लिप्ड म्हणजे काय? उत्तर मिळालं : व्याख्यान मुलांनी घरी व्हिडिओवर पाहायचं आणि घरचा अभ्यास वर्गात, तुमच्या देखत करायचा. ब्लेंडेड म्हणजे काही भाग समोरासमोर, काही ऑनलाइन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मसुद्यात चाळीस टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा, असं सुचवलं होतं.

कल्पना मला आवडली, हे आधी सांगते. आमच्या अभ्यासवर्गात आम्ही हेच करत आलो. पुस्तिका वाचून यायची, शिबिरात बोलायचं. पहिल्या दिवशी पदर तोंडात धरून बसलेली बाई तिसऱ्या दिवशी वाद घालते. नुसतं भाषण ऐकून असं होत नाही. (माझंही धरून.)

पण 'घरी' या शब्दापाशी मी अडले. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २००७ च्या सुमारास बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी आपले तास चित्रित करायला सुरुवात केली. खेळाच्या स्पर्धांमुळे मुलांचे तास बुडत होते, हे त्यामागचं एक कारण. आपल्याकडे तास बुडतात ते सोयाबीनच्या काढणीला. सामना खेळून आलेला मुलगा रात्री मोकळा असतो. काढणीवरून आलेली मुलगी चुलीपुढे बसते, मग भांडी, मग धाकट्यांचं. मोबाइल भावाच्या हातात. मागितला तर पहिला सवाल, कशाला पाहिजे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ : महाराष्ट्रात शंभरातल्या अडतीस बायकांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांमध्ये ही संख्या साठाच्या वर. त्यानंतर फोन वाढले, हे खरं. पण फोन घरात असणं वेगळं आणि तासभर एकटीच्या हातात असणं वेगळं. मुलगी व्हिडिओ न पाहता आली तर वर्गात ती दुहेरी मागे पडते, कारण आता तिथं कोणी शिकवतच नाही. आणि वहीत शेरा पडतो, 'तयारी नाही'.

प्रशिक्षणात हे येतं का? मुंबईच्या आयआयटीने २०१७ मध्ये ऑनलाइन व मिश्र अध्यापनावर देशभरातल्या प्राध्यापकांसाठी अभ्यासक्रम घेतला. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. व्हिडिओ छोटा ठेवायचा, मध्ये थांबवून प्रश्न विचारायचा, विद्यार्थ्याने उत्तर लिहून मगच पुढे जायचं. छोटा व्हिडिओ आमच्या मुलीच्या कामाचा. पाणी भरण्यात आणि स्वयंपाकात जी फट मिळते, तेवढ्यात तो बसतो. तो महाविद्यालयातच डाउनलोड करून देता येईल. त्याचीच दोन पानं छापून द्या. तास सुरू होण्याआधी एक खोली उघडी ठेवा. तेही जमलं नाही तर तासाची पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून पाहा आणि मग कामाला लागा. उलटा वर्ग असा घराशिवायही होतो.

आता तुमच्याबद्दल, विशेषतः तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मैत्रिणींबद्दल. तुम्हाला मानधन मिळतं ते घेतलेल्या तासाचं. व्हिडिओ करायला लागणारे दिवस कुठल्या हजेरीत लिहायचे? आणि ते करणार कधी, तर घरची झोपल्यावर. म्हणजे बाईच्या बिनमोलाच्या कामात आणखी एक भर. एकदा केलेला व्हिडिओ पुढच्या वर्षी तुमच्याशिवाय चालवला तर? हे प्रश्न प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी, प्राचार्यांसमोर, लेखी मांडा. आमची संघटना सोबत येईल.

दुपारी तुमचं व्हिडिओ करण्याचं सत्र आहे. त्याआधी एक काम देते. आपल्या वर्गातली एक मुलगी आठवा आणि तिचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस तासातासाने लिहा. तिचा दिवस माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवा, उद्या तिलाच विचारून भरा. कागद मी आणलेत, पुढे पाठवते.