गोळी योग्य होती का, हे कोणी ठरवायचे?

(बाडहूव्हडॉर्प येथे वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

नेदरलँड्समधल्या शिपोल विमानतळाला लागून असलेल्या या गावात बसून बदलापूरचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंब्रा बायपासवर, पोलिसांच्या गाडीत, बदलापूर प्रकरणातला आरोपी गोळी लागून मेला, तेव्हा ‘बरे झाले’ हा शब्द कितीतरी सज्जन माणसांच्या तोंडून निघाला. दोन चिमुकल्या मुलींवर शाळेतच अत्याचार केल्याचा त्याच्यावर आरोप होता. २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी बदलापूर स्थानकात तासन् तास लोकल रोखून धरल्या होत्या. तो संताप रास्तच होता. माझे म्हणणे एवढेच आहे की मेलेला माणूस कोण होता, यावरून गोळी योग्य की अयोग्य हे ठरत नाही. गोळी सुटली त्या क्षणी काय घडत होते, यावरून ते ठरते. आणि ते शोधायचे काम गोळी झाडणाऱ्यांच्याच सहकाऱ्यांवर सोपवून चालत नाही.

पोलिसांचे म्हणणे असे की तळोजा तुरुंगातून नेताना आरोपीने एका अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, गोळ्या झाडल्या, अधिकाऱ्याच्या मांडीला जखम झाली, म्हणून स्वसंरक्षणार्थ दुसऱ्या अधिकाऱ्याने गोळी झाडली. ती थेट डोक्यात लागली. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने साधे प्रश्न विचारले: गाडीत इतके पोलीस असताना एका माणसाला आवरता आले नाही? गोळी पायावर का नाही? पिस्तूल चालवायला सराव लागतो, तो त्याला कुठून आला? पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे आढळले नाहीत आणि जानेवारी २०२५ मधल्या अहवालात गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरले गेले. तरीही गुन्हा नोंदवला जात नव्हता. त्यासाठी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयालाच आदेश द्यावा लागला. विशेष म्हणजे चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूचा गुन्हा नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याकडे द्या, लगेच बढत्या-बक्षिसे देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच खटल्यात बजावले होते, ते २३ सप्टेंबर २०१४ रोजी. बरोबर दहा वर्षे आधी!

यावर कोणी म्हणेल, क्षणात निर्णय घेणाऱ्या पोलिसाला आपण आरामात बसून दोष देतो. आक्षेप खरा आहे, म्हणूनच तर निःपक्ष तपास हवा. प्रामाणिक पोलिसाला वाचवणारा तोच एक आधार आहे. नेदरलँड्समध्ये पोलिसांच्या गोळीने कोणी मेला किंवा जखमी झाला, की तपास ‘राइक्सरेशेर्श’ या वेगळ्या यंत्रणेकडे जातो. ती पोलीसप्रमुखांच्या नव्हे, सरकारी अभियोक्त्यांच्या अखत्यारीत काम करते. नोव्हेंबर २०१२ मध्ये हेग शहरातल्या हॉलंड्स स्पोर स्थानकावर पोलिसाच्या गोळीने १७ वर्षांचा एक मुलगा गेला. त्याच्याकडे शस्त्र सापडले नाही. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर खटला चालला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. निकालाशी कोणी असहमत असेल, पण दोन्ही बाजूंचे म्हणणे उघड न्यायालयात तपासले गेले. दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा: आपल्याकडे खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, तोवर बदलापूरच्या त्या मुलींच्या आईबापांनी काय करायचे? याचे उत्तर जलदगती न्यायालय हेच आहे. गोळीने त्यांना न्याय मिळाला नाही. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. साक्षी, उलटतपासणी, निकाल, काहीच उरत नाही. आणि संशयावरून मारायची मुभा एकदा दिली की ती नराधमापुरती राहत नाही. मुंबईतल्या २००६ मधल्या लखनभैया चकमक प्रकरणात माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांना उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये जन्मठेप सुनावली, कारण ती चकमक बनावट ठरली.

म्हणून विनंती आहे: पुढच्या चकमकीची बातमी आली, की शाबासकी देण्याआधी तपास कोणाकडे आहे, एवढे तरी विचारा.