ऐकणे आणि निरवणे : काही अपरिचित ध्वनिमुद्रिकांविषयी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव आपल्यासमोरच्या फलकावर लिहिलेले आहे. आम्ही मुले त्यांना नुसते ‘गुरुजी’ म्हणत असू, आणि आज पंचाहत्तरी ओलांडल्यावरही मला तेच संबोधन सुचते. मी आयुष्यभर मराठी शिकवले, माझा प्रबंधही ज्ञानेश्वरीतील श्रोता आणि वक्ता यांच्या नात्यावर होता. त्यामुळे आज मी संतवाङ्मयावर बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु गुरुजींचे माझ्यावरचे जे ऋण अजून फिटलेले नाही, ते पाठ्यपुस्तकाच्या बाहेरचे आहे. ते ऋण आहे ध्वनिमुद्रिकांचे.

इंदूरच्या राजवाड्यामागच्या एका गल्लीत गुरुजी दोन खोल्यांत राहत. एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत तबकड्या. पगार बेताचा होता, पण रविवारी जुन्या बाजारात जाऊन एखादी धूळ खाल्लेली रेकॉर्ड उचलून आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आणलेली तबकडी ओल्या फडक्याने पुसून ते प्रथम स्वतः तीनचार वेळा ऐकत. मग वर्गातल्या एखाद्या मुलाला थांबवून विचारीत, “संध्याकाळी मोकळा आहेस का?”

मी अकरावीत होतो. साल १९६५. गुरुजींनी तपकिरी कागदात गुंडाळलेली एक लाँग प्ले माझ्या हाती दिली. उस्ताद अमीर खाँसाहेबांची, १९६० च्या सुमारास निघालेली. एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. जाणकारांच्या मंडळींत तिचा बोलबाला होता, पण आमच्या वयाच्या मुलांना तिचा पत्ता नव्हता. खाँसाहेब म्हणजे आपल्या इंदूरचे गवई, एवढेच आम्ही ऐकून होतो. मी ती शेजाऱ्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली. पाच मिनिटे झाली, सात झाली. काही घडेचना. मी सुई उचलली आणि दोन दिवसांनी तबकडी परत केली.

“ऐकलीस?” गुरुजींनी विचारले.

“हो गुरुजी. फार छान आहे.”

“मग त्यात षड्ज केव्हा भेटला?”

मी निरुत्तर झालो. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी तबकडी कपाटात ठेवली आणि शाळा सुटेपर्यंत मला दुसरी दिली नाही. खोटे बोलल्याची एवढी सौम्य आणि एवढी लांब शिक्षा मला पुन्हा कधी झाली नाही.

त्या प्रश्नाचा अर्थ मला नऊ वर्षांनी कळला. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात अमीर खाँसाहेब गेले. मी तेव्हा ग्वाल्हेरला नुकताच अध्यापक झालो होतो. बातमी आली त्या संध्याकाळी एका सहकाऱ्याने तीच मारव्याची तबकडी लावली. या रागात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. रिषभ आणि धैवत या दोन स्वरांचे प्राबल्य इतके की घरचा स्वर असलेला षड्ज दूर राहतो. तंबोऱ्यात तो अखंड वाजत असतो आणि गाणारा मात्र त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पुन्हा मागे वळतो. अशा वळणांनंतर खाँसाहेब जेव्हा षड्जावर टेकले, तेव्हा घर सोडून आलेल्या माझ्यासारख्या तरुणाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. सतराव्या वर्षी ज्याला मी ‘काही घडत नाही’ म्हटले होते, तेच तर घडत होते.

ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. त्यावर मी प्रबंधात चाळीस पाने लिहिली, परंतु अवधान म्हणजे काय हे मला त्या तबकडीने शिकविले, असे आज प्रांजळपणे सांगतो.

आता थोडे शब्दांविषयी. मराठीचा अध्यापक शब्दांपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही, हे आपण जाणताच. एखादी कलाकृती दुसऱ्याला सुचविणे याला आपण ‘शिफारस’ म्हणतो. हा शब्द फारसीतून आपल्या दरबारी व्यवहारात आला, आणि त्याला थोडासा वशिल्याचा वास आहे. ज्याची शिफारस करायची त्याचा लाभ त्यात आधी दिसतो. आपल्या जुन्या मराठीत एक दुसरे क्रियापद आहे : ‘निरवणे’. निरवणे म्हणजे सांभाळण्यासाठी कोणाच्या तरी हवाली करणे. प्रवासाला निघालेला माणूस घर शेजाऱ्याला निरवून जातो. आयुष्याच्या अखेरीस करावयाची ती निरवानिरव. गुरुजी रेकॉर्डची शिफारस करीत नसत, ते ती निरवीत. ती घेणाऱ्यावर जबाबदारी येई.

अशा निरवण्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत भव्य उदाहरण गोमंतकाच्या एका कन्येचे आहे. केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या. त्यांतील एक भैरवी, ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटांची. तासाची बैठक साडेतीन मिनिटांत बसविणे म्हणजे काय, हे ती ऐकताना कळते. एकही स्वर घाईचा नाही आणि एकही क्षण रिकामा नाही. १९७७ साली अमेरिका व्हॉयेजर याने अवकाशात सोडण्याच्या तयारीत होती, तेव्हा परग्रहवासीयांसाठी पृथ्वीवरील आवाजांची एक सोनेरी तबकडी बरोबर देण्याचे काम कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी करीत होते. भारतीय संगीतातून काय घ्यावे? रॉबर्ट ब्राऊन या संगीतअभ्यासकाने केसरबाईंची ही भैरवी सुचविली. पण तबकडी मिळणार कोठे? ती बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. अॅन ड्रूयन या सेगन यांच्या सहकारी न्यूयॉर्कभर शोधत हिंडल्या. अखेर एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात, तिच्या तीन प्रती निघाल्या.

मित्रहो, हा प्रसंग मी अनेकदा मनाशी घोळवला आहे. त्या दुकानदाराने ते खोके अडगळ म्हणून फेकून दिले असते तर? ब्राऊन यांनी ‘परदेशी श्रोत्यांना हे कसे रुचेल’ असे म्हणून एखादे सोपे नाव पुढे केले असते तर? व्हॉयेजर दुसरे २० ऑगस्टला आणि पहिले ५ सप्टेंबरला निघाले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंनी देह ठेवला. २०१२ साली पहिले व्हॉयेजर सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, आणि आज ती भैरवी ताऱ्यांमधल्या पोकळीतून पुढे चालली आहे. तिच्या प्रवासाची सुरुवात झाली ती टेबलाखालच्या एका खोक्यातून.

येथवर मी अभिजात संगीताविषयीच बोललो. गुरुजींना हे आवडले नसते. त्यांच्या कपाटात घराण्यांच्या भिंती नव्हत्या. १९६८ साली शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी निघाली. चित्रपटासाठी नव्हे, स्वतंत्रपणे केलेली. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग, रईस खाँसाहेबांची सतार, आणि सोबतीला सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम. आम्ही महाविद्यालयात गेलेले विद्वान नाक मुरडून म्हणालो, “हा धेडगुजरी प्रकार आहे.” गुरुजी म्हणाले, “जयजयवंती नीट ऐका. आणि मग नावे ठेवा.” ऐकल्यावर नावे ठेवण्याचे राहून गेले.

त्याहून मोठी परीक्षा पुढे व्हायची होती. मुंबईच्या चित्रपटवाद्यवृंदात वर्षानुवर्षे वाजविणारे चरणजितसिंग नावाचे एक वादक होते. त्यांनी १९८२ साली ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाची एक तबकडी केली. विजेवर चालणारी तीन जपानी वाद्ये, ठेका यंत्राचा, आणि त्यावर भूपाळी, ललत, मधुवंती, मालकंस असे दहा राग. ती खपली नाही. डिस्कोवाल्यांना त्यात राग फार वाटला, आणि रागदारीवाल्यांनी तिचे नाव वाचूनच ती बाजूला सारली. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या तरुणांनी त्याच बनावटीच्या एका वाद्यातून काढलेल्या नादाला जगाने ‘अॅसिड हाउस’ असे नवे नाव दिले. २००२ साली एका डच संग्राहकाला चरणजितसिंगांची तबकडी दिल्लीत सापडली. त्याने त्यांना शोधून काढले, आणि २०१० साली ती पुन्हा निघाली. सत्तरीत या गृहस्थांना युरोपातून आमंत्रणे आली. २०१५ साली ते गेले. मला ही तबकडी माझ्या नातवाने ऐकविली. खरे सांगतो, सगळी मला मानवली नाही. परंतु यंत्राच्या त्या न थकणाऱ्या ठेक्यावर ललत ऐकताना जाणवले की स्वरांचा चेहरा कोणत्याही वेषात ओळखू येतो, पाहणाऱ्याने तोंड फिरविले नाही तर.

नातीने दिलेली भेट वेगळी होती. निक ड्रेक या इंग्रज तरुणाची ‘पिंक मून’. १९७२ साली निघालेली, सारी अठ्ठावीस मिनिटांची. गिटार आणि गळा, आणि एके ठिकाणी पियानोचे चार थेंब. दोन रात्रींत ध्वनिमुद्रण उरकले. त्याच्या हयातीत ती फारशी कोणी घेतली नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, तो गेला. पंचवीसेक वर्षांनी एका मोटारीच्या जाहिरातीत ते गाणे वाजले आणि लोक दुकानांतून त्याला शोधू लागले. मला इंग्रजी गाण्यांचा गंध नाही. पण त्या आवाजातील एकटेपण मला ओळखीचे वाटले. मी नातीला म्हणालो, “हा मुलगा मारव्यातला आहे.” ती हसली. मग तिने माझ्याकडून मारवा ऐकला, पुरी बाजू. मला ते साधायला नऊ वर्षे लागली होती.

आजकाल यंत्रेही आपल्याला गाणी सुचवितात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. हवी ती दुर्मीळ चीज क्षणात कानी पडते, ही सोय आमच्या पिढीला स्वप्नवत् होती. परंतु यंत्र आपल्या कालच्या आवडीवरून उद्याची आवड ठरविते. गुरुजी नेमके उलटे करीत. मुलाला काय आवडते हे पाहून, जे त्याच्या वाटेवर कधी येणार नाही, ते हाती देत. त्यांचे तीन दंडक होते. पहिला, स्वतः तीनदा ऐकल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचे नाही. दुसरा, एका वेळी एकच तबकडी द्यायची. दहा दिल्या तर एकही ऐकली जात नाही. आणि तिसरा, परत घेताना ‘आवडली का’ असे विचारायचे नाही, ‘काय ऐकलेस’ असे विचारायचे. पहिल्या प्रश्नाला खोटे उत्तर देता येते. दुसऱ्याला येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आता शेवटची गोष्ट. १९८४ च्या दिवाळीत मी इंदूरला आलो तेव्हा गुरुजींना ऐकू येईनासे झाले होते. हळूहळू सुरू झालेले ते बधिरपण पुढे पूर्ण झाले. मी पाटीवर लिहून सांगितले : “गुरुजी, मारव्यात षड्ज भेटला.” त्यांनी पाटी दोन्ही हातांत धरली, बराच वेळ पाहिली आणि विचारले, “केव्हा?” मी तारीख लिहिली. ते म्हणाले, “उशीर नाही झाला.”

त्यानंतर दर सुटीत मी जात असे. ते कपाटातून एक तबकडी काढून देत. मी ती लावी आणि जे ऐकू येई ते पाटीवर लिही. त्यांना ती सारी पाठ होती. मी एखादी जागा चुकवली की ते सुईकडे बोट दाखवून म्हणत, “पुन्हा लाव. येथे काहीतरी आहे, ते तू लिहिले नाहीस.” न ऐकू येणाऱ्या माणसाने मला ऐकायला शिकविले. शेवटच्या भेटीत त्यांनी पत्र्याची एक पेटी माझ्याकडे सरकविली. आत त्रेसष्ट तबकड्या होत्या. ती त्यांची निरवानिरव.

ती पेटी मी आज शाळेकडे आणली आहे. कार्यकारी मंडळाला माझी एकच विनंती आहे की तिला काचेच्या कपाटात बंद करून कुलूप लावू नये. शनिवारी शाळा सुटल्यावर एखाद्या वर्गात एक तबकडी, एकच बाजू, लावावी. चार मुले आली तरी पुरे. एक आले तरी चालेल. आणि नंतर त्याला विचारावे, काय ऐकलेस?

जाता जाता कबुली देतो. पेटीत आता बासष्टच तबकड्या आहेत. मारव्याची ती लाँग प्ले मी वीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला दिली. त्याने पुढे कोणाला दिली, ते त्यालाही नीट आठवत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी तपकिरी कागदातली तशी तबकडी असेल, तर त्यांनी ती मला परत करू नये. नीट ऐकावी आणि पुढे निरवावी.