डोक्याचा मुका मार
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



केंद्रात बाई आली की आपण विचारतो, ‘कुठे कुठे मारलं?’ ती दंडावरचा वळ दाखवते, पाठ दाखवते. डोक्याचं आपणहून क्वचितच सांगते. रक्त आलं नाही, टाके पडले नाहीत, म्हणजे फारसं लागलं नाही, असं तिला वाटतं आणि आपल्यालाही. डॉक्टर म्हणून मला आज या मुक्या माराविषयीच बोलायचं आहे.

केस धरून भिंतीवर आपटलं, कानशिलात भडकावली, गदागदा हलवलं, की मेंदू कवटीच्या आत हादरतो. याला कन्कशन म्हणतात. त्यासाठी शुद्ध हरपायलाच हवी असं नाही. बहुतेकींची हरपत नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, उजेड-आवाज सोसत नाही, झोप बिघडते, चिडचिड होते, विसरायला होतं. काही लक्षणं दुसऱ्या दिवशी सुरू होतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची मोडतोड दिसते. असा हादरा बहुधा दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल’ म्हणजे बाई ठणठणीत, असा अर्थ नव्हे.

आता ही बाई घरी दूध उतू घालवते, निरोप विसरते. सासरची माणसं म्हणतात, ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.’ झालेला असतोच, पण केला कोणी? चौकीत ती तारखा उलटसुलट सांगते, तर तिला खोटारडी ठरवतात. मारणाऱ्याने केलेली इजाच तिच्याविरुद्ध पुरावा होते.

वारंवार ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविषयी अमेरिकेतल्या डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली लिहिलं. नवऱ्याचा मार खाल्लेल्या एका बाईच्या मेंदूतल्या तशाच बदलांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं ते १९९० साली. मधे ६२ वर्षं गेली. मार खाणाऱ्या बायका काय तेव्हा नव्हत्या?

तर आपण काय करायचं? पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बोबडं बोलणं, हातापायातली शक्ती जाणं, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, जागं करूनही नीट जाग न येणं – यातलं एकही दिसलं तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे बाईने मागितलेले उपचार देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. तिला कुणी, कशाने, कुठे मारलं हे केसपेपरवर लिहून घ्या.

धोक्याची लक्षणं नसली तरी पहिले २४ तास तिच्याजवळ कुणीतरी असावं. एक-दोन दिवस विश्रांती, मग झेपेल तसं चालणं-फिरणं, हलकी कामं. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची गरज नसते. बहुतेकजणी दोन-चार आठवड्यांत सावरतात. काहींना महिने लागतात. पण दुसऱ्याच दिवशी हंडे, धुणी, शेतावरची मजुरी सुरू झाली तर सावरायचं कधी? आणि बरं व्हायच्या आत पुन्हा डोक्याला मार बसला तर धोका वाढतो. म्हणून तिच्यासाठी सुरक्षित जागा शोधणं हाही औषधोपचारच आहे.

तिची हकीकत एका बैठकीत संपवू नका. थोडं थोडं ऐका, लिहून ठेवा, वाचून दाखवा. ‘आठवत नाही’ म्हणाली तर तसंच लिहा. रिकामी जागा आपण भरू नये.

आणि आपल्या नोंदणीच्या फॉर्मात दोन प्रश्न आजच वाढवू या: डोक्याला कधी मार बसला का? गळा कधी दाबला का? गळा दाबल्याने मेंदूला प्राणवायू कमी पडतो, आणि बाहेर खूण उमटेलच असं नाही. आपण विचारलं नाही, तर हे कागदावर कधी येणारच नाही.