सही कोणाची?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपण मला पाहुणा म्हणून बोलाविले आहे. परंतु मी प्रथम माझी एक चूक सांगणार आहे. 1983 साली मी कोकणातील एका हायस्कुलात मुख्याध्यापक होतो. नववीतला एक मुलगा चुलत्यास घेऊन आला व शाळा सोडल्याचा दाखला मागू लागला. वडील कुवेतला, आई घरी. गणितात दोन चाचण्यांत नापास झाल्याने मुलाचे मन उडाले होते आणि मुंबईस मामाच्या दुकानात बसावयाचे ठरले होते. मी सही केली. दोन मिनिटांचे काम! पुढील वर्षी वडील रजेवर आले ते थेट शाळेत. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, तिकडे मी उन्हात उभा राहतो तो याच्या शाळेसाठी. मला एक पत्र तरी टाकायचे होते."

चार वर्षांत त्यांनीही शाळेला एक पत्र लिहिले नव्हते, हे खरे. पण ते त्यांना ऐकविण्याचा अधिकार माझ्या सहीने घालविला होता.

पालकहो, मुलाला पहिलीत घालताना आपण नवे दप्तर घेतो, बोट धरून जातो. मूल नववीत गेले, त्याला मिसरूड फुटले, की 'आता त्याचे तो पाहील' असे म्हणतो. खरी गळती येथेच होते. 2010 साली लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे छत्रदेखील सहा ते चौदा वर्षांपर्यंतच, म्हणजे आठवीपर्यंत. त्या वयोगटातीलही चौथा हिस्सा मुस्लिम मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती, असे सच्चर समितीने 2006 साली नमूद केले. म्हणजे नववीच्या बाकापर्यंत पोचलेले आपले मूल आधीच मोठी वाट चालून आलेले आहे.

"आम्ही शिकलेलो नाही, आम्हांला काय कळणार?" असे माता म्हणतात. बाई, तुम्हांला बीजगणित येण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा वही उघडावयास सांगा. ज्या मातेला अक्षर येत नाही तिलाही लाल शाई ओळखता येते. तीन आठवडे वहीत लाल शाई दिसली नाही तर एक तर मुलगा वही देत नाही किंवा शिक्षक वही पाहत नाहीत. दोन्ही प्रसंगी शाळेत या. मुख्याध्यापकांना थोडा त्रास होईल, तो होऊ द्या! परदेशातील वडिलांना तर आता पत्रासाठी पंधरा दिवस थांबावे लागत नाही. रात्री फोनवर मुलाचा चेहरा दिसतो. पण त्या फोनवर "पैसे पोचले का?" याच्यापुढे आपण जात नाही.

मुलींविषयी मला अधिक बोलावयाचे होते, वेळ थोडा आहे. हायस्कूल लांब आहे ही सबब मी फार ऐकली. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. तो मागावयास आपणच आगारात जात नाही.

आणि मुलांनो, दहावीत एक-दोन विषय राहिले म्हणजे सारे संपले, हे घरातील कोणी सांगितले तर ऐकू नका. एटीकेटीने अकरावीला तात्पुरता प्रवेश मिळतो, राहिलेले विषय पुरवणी परीक्षेला बसून सोडविता येतात. हे वडिलांना तुम्ही समजावून सांगा. मात्र प्रगतिपत्रकावर त्यांची सही तुम्ही करू नका. शिक्षकाला ती ओळखू येते. बहुतेक वेळा तो गप्प बसतो, इतकेच.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तो दुकानातच राहिला, नेकीने कमावतो. मागे भेटला तेव्हा स्वतःच्या मुलाचे प्रगतिपत्रक खिशात घेऊन आला होता. मला म्हणाला, "सर, गणिताचे गुण बघा." मी चष्मा काढून नीट पाहिले. खाली त्याची सही होती.

हा कार्यक्रम संपल्यावर नववीचे वर्गशिक्षक आपापल्या वर्गात थांबणार आहेत. चहा तेथेच ठेवला आहे.