संथ गतीचे गाणे

रुग्णाचे बोलणे संथपणे ऐकायचे, ही आम्हां होमिओपॅथांची सवय. गाणे मात्र मी घाईनेच ऐकत आलो.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालपणीच ध्वनिमुद्रिका ऐकून गायकी उचलत. ते आपल्याला कसे साधावे? पूर्वी ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ वर लावली की तान उलगडे. पण षड्ज पूर्ण सप्तकाने खाली जाई. आता मोबाइलवर गती निम्मी केली तरी सूर ढळत नाही.

मुलाने मोबाइलवर उतरवून दिलेली आईच्या स्तवनाची कॅसेट मी अशीच ऐकली. ज्या जागी ती बेसूर होते असे चाळीस वर्षे समजत होतो, तिथे कोमल निषादाचा कण होता. पूर्ण गतीत तो अजून माझ्या गळ्यात येत नाही.