विम्याचा हप्ता कोणाचा?



या व्यासपीठावरून काव्यशास्त्रावर आणि इतिहासावर बोलणारे विद्वान आपण ऐकता. माझे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि युनियनच्या कचेरीत पुढे चालले. तेव्हा मी आपला पगाराच्या पावतीवर बोलतो, आणि तिच्यातल्याही एकाच ओळीवर. ती ओळ आरोग्यविम्याच्या हप्त्याची.

आयकराचे विवरणपत्र भरण्याचे दिवस आले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "कंपनीने माझा विमा उतरवला आहे. त्या हप्त्याची वजावट मला मिळेल का?" उत्तर सरळ आहे. कंपनीने स्वतः भरलेल्या हप्त्याची वजावट तुम्हांला मिळत नाही. पण म्हणून तुमचे नुकसान झाले असेही नाही. मंजूर योजनेखाली मालकाने भरलेला हा हप्ता तुमच्या करपात्र पगारात धरलाच जात नाही. ज्या रुपयावर कर बसला नाही, त्याच रुपयाची सूट पुन्हा कशी मागणार? मालकाला मात्र तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो, फक्त तो रोखीने भरलेला नसावा.

आता परळच्या एखाद्या कचेरीतला कारकून घ्या. कंपनी त्याच्यासाठी वर्षाला १२,००० रुपये हप्ता भरते. आईवडिलांना त्याच योजनेत घ्यायचे म्हणून ८,००० रुपये त्याच्या पगारातून कापून घेते. हे ८,००० त्याचे स्वतःचे आहेत, कर बसलेल्या पगारातले आहेत. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० डी खाली त्यांची वजावट त्याला मागता येते, १२,००० ची नाही. स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले यांच्यासाठी मर्यादा २५,००० रुपयांची. आईवडिलांसाठी वेगळे २५,००० आणि त्यांनी साठी गाठली असेल तर ५०,०००. म्हणून पगाराच्या पावतीवर कपात स्पष्ट लिहून घ्या आणि कंपनीकडून तसा दाखला मागा. वार्षिक पगाराच्या एकूण आकड्यात हप्ता मिसळून दाखवला, एवढ्याने तो तुम्ही भरला असे होत नाही.

इथे एक मेख आहे. २०२३-२४ पासून करआकारणीची नवी पद्धत हीच मूळ पद्धत धरली जाते आणि तिच्यात ८० डी ची वजावट नाही. ती हवी तर जुनी पद्धत निवडावी लागते. मालकाने भरलेला हप्ता मात्र दोन्ही पद्धतींत करमुक्त राहतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा नवा कायदा आला. कलमांचे आकडे बदलले, तत्त्व बदलले नाही.

हिशेब संपला. आता त्या हिशेबाच्या पोटातला प्रश्न पाहू. वजावट म्हणजे हातात पडणारे पैसे नव्हेत. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने २०,००० ची वजावट घेतली, तर उपकरासह त्याचे ४,१६० रुपये वाचतात. ३० टक्के देणाऱ्याचे तेवढ्याच हप्त्यावर ६,२४० वाचतात. आणि ज्याच्या पगारावर करच बसत नाही, त्या कंत्राटी सफाई कामगाराचे? काहीच नाही. पगार जितका मोठा, तितकी सरकारची मदत मोठी. आजार मात्र पगार विचारून येत नाही.

या गिरणगावाने दुसरी रीतही पाहिली आहे. प्रा. अदारकरांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ साली मुंबईत आली. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय तिचेच. तिथे वर्गणी पगाराच्या प्रमाणात घेत आणि उपचार आजाराच्या प्रमाणात देत. जुलै २०१९ मध्ये दर ठरला तो असा : कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. दवाखान्यातली रांग आणि औषधांचा तुटवडा यांबद्दल आपण पुष्कळ भांडलो, आणि ते भांडण योग्यच होते. पण योजनेचे तत्त्व खोटे नव्हते.

तिच्यातही एक उणीव होती आणि तीच आज कंपनीच्या विम्यात आहे. दोन्ही नोकरीला बांधलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पुढे हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. नोकरी गेली की वर्गणी थांबते, वर्गणी थांबली की काही काळाने दवाखान्याचा हक्क थांबतो. माणसाला आधाराची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्या वेळी. पुढे पाच वर्षे विम्याखाली काम करून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवण्याची सोय नियमांत झाली. सोय मोलाची, पण ती किती जणांपर्यंत पोचली? ज्याला कोणी सांगितले नाही, त्याच्यासाठी ती कागदावरच राहिली.

ज्या आवारांत साचे चालत, तिथल्या मनोऱ्यांत आज हजारो मुलेमुली काम करतात. त्यांच्या खिशात कंपनीच्या विम्याचे कार्ड असते. त्यांना माझे सांगणे आहे की वजावटीआधी चार गोष्टी विचारा. विमा किती रकमेचा आहे? घरातले कोण कोण त्यात आहेत? हप्त्यातला आपला वाटा किती? आणि नोकरी सुटली तर पुढे काय? गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची वाट असते आणि जुन्या आजारांसाठी काढलेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो. पण ती वेळेवर धरावी लागते. राजीनामा देण्याआधी विचारा, आजारी पडल्यावर नव्हे.

आणि युनियनच्या कार्यकर्त्यांना सांगतो. मालक हप्ता भरतो ती मेहेरबानी नव्हे. आपल्या श्रमाच्या मोबदल्याचाच तो भाग आहे, पगारात न येता विमा कंपनीकडे गेलेला. तेव्हा करार करताना महागाई भत्त्याइतक्याच आग्रहाने तो मागा, आणि कंत्राटी कामगाराचे नाव त्या यादीत आल्याखेरीज करारावर सही करू नका.